चुलीला जागा नसलेली बाग

ज्या अंगणातले दगड वेचता वेचता आमच्या बापाची कंबर मोडली, त्याच अंगणात ट्रकभर दगड आणून टाकायला माझ्या भावानं माणसं लावली. आणि तेही खरे दगड नव्हेत. तारेच्या जाळीवर सिमेंट थापून, वर रंग फासून केलेले. बाप असता तर त्यानं सियानोच्या पाठीत काठी घातली असती. तो नाही, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलंय, आणि मी ते अगदी मन लावून करते.

सियानो माग्पान्ताय माझा धाकटा भाऊ. मी पिलार, त्याची थोरली बहीण, बिनलग्नाची, आणि गावाच्या मते तिखट जिभेची. आमची घरं लागून आहेत, मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण. बाप रेडा घेऊन लोकांची शेतं नांगरायचा, म्हणून गावात सियानोला लहानपणापासून 'रेडेवाल्याचा सियानो' म्हणत. यात लाजायचं काय? इकडे लिपा शहराच्या बाजूला अर्धं गाव रेडेवाल्यांचंच. पण याला ते नाव काट्यासारखं रुतलं ते रुतलंच. तरुणपणी जहाजावर गेला. काम काय, तर इंजिनाला तेल घालायचं. आयुष्य जहाजाच्या पोटात काढलं, पण सुट्टीवर आला की गप्पा अशा, जणू कप्तान याला विचारल्याशिवाय सुकाणू हलवत नाही.

कुठल्याशा जपानी बंदरात कुंपणाच्या फटीतून यानं एक बाग बघितली होती. ती काही याच्या डोक्यातून गेली नाही. "ताई, काय सांगू तुला! नुसतं पाणी, दगड आणि गवत. एक माणूस नव्हता गं तिथे, एक माणूस नव्हता!" दर सुट्टीला हे ऐकायचं. बागेत माणूस नव्हता, हेच याला त्या बागेतलं सगळ्यात जास्त आवडलं होतं. आता एक सांगते, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. निवृत्त होऊन आल्यावर त्याला जमिनीवर झोप येईना. आयुष्यभर इंजिनाच्या घरघरीत झोपलेला माणूस, आमच्या गावची शांतता त्याला खायला उठायची. पुढे या बागेत धबधबा केला, त्याची मोटर सुरू झाली तेव्हापासून तो घोरायला लागला. तेवढं एक त्या धबधब्याचं पुण्य. बाकी सगळा उथळ पाण्याचा खळखळाट.

त्याची बायको लवकर गेली. मुलगी मारिविक, तिला मी वाढवली. गावच्या शाळेत शिकवते. वरच्या गावातल्या आर्नेलशी तिचं जमलं होतं. मुलगा कॉफीच्या बागांतला, बोलायला कमी, कामाला वाघ. जमलं होतं हे सगळ्या जगाला माहीत होतं, फक्त रीतसर मागणी व्हायची होती. घाई अशासाठी, की आर्नेलच्या धाकट्या भावाचं लग्न जानेवारीत पक्कं झालेलं, कारण तो सौदीला चाललेला. आणि एका घरात एका वर्षात दोन लग्नं लावली तर एक जोडपं टिकत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे मारिविकचं लग्न या डिसेंबरच्या आत झालं तर झालं, नाहीतर पुढचं अख्खं वर्ष गेलं. आणि वर्षभरात म्हाताऱ्यांची मनं कुठे वळतील, कुणी सांगावं? पोरीची तिशी उलटलेली. रोज संध्याकाळी वह्या तपासायला माझ्याकडे यायची, आणि एका वहीवरच तासभर बसायची.

सियानोचा लग्नाला विरोध नव्हता हो! उलट उड्या मारत होता. पण त्याचं आपलं एकच पालुपद. "आधी बाग होऊ दे. ते लोक मागणी घालायला येतील ना, तेव्हा फाटकातच त्यांना कळलं पाहिजे, आपण कुणाच्या दारात उभे आहोत."

"रेडेवाल्याच्या," मी म्हटलं.

"ताई, तुझ्या तोंडाला कुलूप घालायला पण एक माणूस लावणार आहे मी."

तर त्यानं शहरातून आर्किटेक्ट जोजो आणला. खरा आर्किटेक्ट की नुसता व्हिजिटिंग कार्डावरचा, देव जाणे. पण सगळे त्याला 'आर्किटेक्ट' अशीच हाक मारायचे आणि तोही त्या हाकेला मान वळवायचा. काळा चष्मा, हातात टॅब, पायात पांढरे बूट. अंगणाच्या मधोमध उभा राहिला, चौफेर बघितलं, आणि एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं हळू म्हणाला, "सर, जागेत दम आहे. पण सध्या ती रिकामी आहे."

"रिकामी?" मी कुंपणापलीकडून ओरडले. "सकाळी या की! बसायला फळी मिळाली तर सांगा."

खोटं नाही सांगत. त्या अंगणात शेजाऱ्यांची कॉफी वाळायची. पेरूखालच्या बांबूच्या बाकावर गावचे म्हातारे बसून आपापली दुखणी मोजायचे. कोपऱ्यात मोठ्या कढयांची चूल होती. कुणाचं बारसं असो, मयत असो, तिथेच कॉफी उकळायची आणि तिथेच भात शिजायचा. आमची आई रोज पहाटे ते अंगण खराट्यानं झाडायची, तिच्यानंतर मी झाडायची. गवताचं एक पातं उगवू दिलं नाही कधी, आणि आता हा दीडशहाणा गवत लावायला आलेला!

"गवत कुठलं लावू, सर?" जोजोनं विचारलं. "तसं म्हैसगवत उत्तम. ऊन सोसतं, पाणी मागत नाही, कितीही तुडवा, मरत नाही."

सियानोचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हैस? माझ्या अंगणात म्हैस नको. दुसरं काय आहे?"

"कोरियन आहे. एकदम मखमल. पण त्यावर फारसं चालता येत नाही, सर."

"चालायचंय कुणाला!" सियानो म्हणाला.

जोजोची माणसं आली आणि आमचं अंगण खोदायला लागली. रोजंदारीची माणसं ती, त्यांना कसली घाई? सकाळी खाणं, दुपारी जेवण, चारला परत खाणं, आणि मधल्या वेळात फावड्याला टेकून माझ्या कोंबड्यांची चौकशी. रांधणारी कोण? मीच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! आधी बाक गेला. मग पेरू गेला, का तर तो 'नजरेच्या आड येतो'. नजर कुणाची, आड कशाच्या, ते काही मला कळलं नाही. मग चुलीचा कोपरा. तिथे धबधबा उभा राहिला. पायथ्याशी तळं, तळ्यात लाल-पांढरे जपानी मासे, आणि तळ्यावर पूल. पूल! ज्या पाण्यात मांजर उतरली तर तिची मिशी भिजणार नाही, त्यावर लाल कठड्याचा पूल. एका बाजूला चार खांबांवर नक्षीचं छप्पर. त्याला जोजो गझिबो म्हणायचा. त्यात बसायची मात्र बंदी, का तर पॉलिश जाईल.

फाटकापासून घरापर्यंत सपाट दगड बसवले, अंतराअंतरावर. ते अंतर कुणाच्या ढांगेचं माप घेऊन ठरवलं होतं, कोण जाणे. मी पायघोळ झगा घालून त्यावरून गेले की बेडकीसारख्या उड्या माराव्या लागायच्या. गवतावर पाय ठेवला की व्हरांड्यातून सियानो ओरडायचा. चप्पल हातात धरूनच बसायचा तो, कोंबड्यांसाठी आणि शेजारच्या पोरांसाठी. कॉफी वाळवणारे शेजारी डांबरी रस्त्यावर गेले. म्हातारे वाण्याच्या दुकानासमोर बसायला लागले. येणारेजाणारे फाटकातून बघून म्हणायचे, "वा वा सियानो, अगदी हॉटेल!" आणि याची छाती फुगायची. हॉटेलात माणूस पैसे टाकून राहतो आणि निघून जातो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

आता जे झालं ते मी बाजारात असताना झालं, नाहीतर मी होऊ दिलं नसतं.

मी मासळी घेऊन परत येत होते. वळणावर बघते तर समोरून रेड्याची गाडी येतेय, वर लाकडं रचलेली, आणि पुढे आर्नेल पायी चालतोय. आता आर्नेलच्या घरी ट्रक आहे. रेड्याची गाडी काढली म्हणजे ती म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून काढली. आर्नेलचे आजोबा, इंगोकाका, जुन्या वळणाचे. आमच्याकडे मुलानं मुलीच्या घरी राबायचं असतं. पूर्वी वर्षभर राबायचे, आता ते एका सकाळवर आलंय. मुलगा पहाटे लाकडं घेऊन येतो, तोंडानं काही बोलत नाही, कुऱ्हाड घेऊन अंगणात फोडायला लागतो. बापानं लाकडं ठेवून घेतली की दार उघडं. लाकडं परत गेली की खेळ खलास. 'नाही' असं तोंडानं कुणीच कुणाला म्हणत नाही.

आणि इथे गाडी भरलेलीच परत चालली होती. एक ढलपी उतरलेली नव्हती.

"आर्नेल, अरे, काय झालं?"

"आत्या, काका म्हणाले लाकडं नकोत." त्याला माझ्या डोळ्यांत बघवेना. "चांगले बोलले हं माझ्याशी. केक दिला. मासे दाखवले." मग थांबून म्हणाला, "आजोबांना काय सांगू?"

वाण्याच्या दुकानासमोरचे म्हातारे उठून उभे राहिले होते, आणि वाण्याची बायको आत कुणाला तरी ओरडून सांगत होती, "अगं बाई, लाकडं परत चालली की!" गाडी गावातून अशी भरलेली गेली. बघायचा राहिला असा एक माणूस राहिला नसेल.

मी मासळी ओट्यावर टाकली आणि तशीच सियानोच्या गवतावरून तरातरा गेले.

"मेल्या, काय केलंस हे?"

"गवत, ताई, गवत!"

"गवत गेलं चुलीत! लाकडं का परत पाठवलीस?"

"ठेवू कुठे?" तो खरंच गोंधळून म्हणाला. "गवतावर? आणि कशाला हवीत? घरात गॅस आहे. बटण दाबलं की पाणी येतं. प्रत्येक कामाला मी माणसं लावलीत. त्याला म्हटलं, बाळा, माझ्या जावयाला रेड्यासारखं राबायची गरज नाही. अगं, किती मोठ्या मनानं म्हटलं मी! सगळी बाग फिरवली त्याला. एवढा मान कुठल्या सासऱ्यानं दिलाय सांग!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्याला रीत माहीत नव्हती असं नाही. आमच्याच बापाच्या अंगणात दोन आत्यांच्या नवऱ्यांनी लाकडं फोडलेली त्यानं बघितली होती. पण त्याच्या लेखी ती गरिबांची रीत. आपण त्यातून वर आलो, तर समोरच्यालाही एका झटक्यात वर काढावं, असा त्याचा हिशेब. समोरच्याला वर यायचंय का, हे विचारायला त्यानं माणूस लावला नव्हता.

मारिविक शाळेची पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. "बाबा, लाकडं परत पाठवलीत?"

"अगं, मी नाही म्हटलंच नाही त्याला!"

"पण परत गेली ना," ती म्हणाली. पिशवी सावरली आणि त्या दगडांवरून, एक एक करत, शाळेला गेली. संध्याकाळी आली ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी सियानोला म्हटलं, "वर जा. इंगोकाकांच्या पाया पड, लाकडं परत माग, प्रश्न मिटला."

"मुलीच्या बापानं जायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणून मोकळे झालेत."

तो म्हणाला, "म्हणतील, रेडेवाल्याचा सियानो आला हात जोडायला." म्हातारा होत आलेला माणूस, दातांची कवळी लावलेला, आणि डोळ्यांत तेच लहानपणचं पाणी. क्षणभर वाईट वाटलं मला. पण पोरीचं ताट झाकलेलंच पडलं होतं, तेव्हा ते वाईट वाटणं फार टिकलं नाही. मी पायात चपला घातल्या आणि स्वतःच वर गेले.

इंगोकाका खळ्यावर कॉफीच्या बिया निवडत होते. मला बसायला दिलं, काळी कॉफी दिली, गुळाचा खडा पुढे केला. माझा खडा संपेपर्यंत बिया निवडत राहिले. मग म्हणाले, "पिलार, तुझ्या भावाला जावई नको असेल तर नको. आमची जबरदस्ती नाही. पण लाकूड परत पाठवताना निदान गाडीतून उतरवायचं तरी."

"काका, त्यानं नको म्हटलं नाही. त्याला अक्कल कमी आहे, एवढंच."

म्हातारा हसला. "ते आम्हाला त्या पुलावरूनच कळलं."

मग हसू पुसून त्यांनी सरळ सांगितलं. "पोरगं झुरतंय, म्हणून एकदाच सांगतो. रविवारी आम्ही मागणीला येतो. डुक्कर आमचं, तांदूळ आमचा, कढया आमच्या, लाकूड तेच, परत आलेलं. रीतीप्रमाणे मुलीच्या अंगणात आम्ही शिजवू, आणि जेवणं झाली की म्हातारे डोकी जोडून कुजबुजत सगळं ठरवतील. तुझ्या भावानं काही करायचं नाही. चुलीपुरती जागा द्यायची. चूल पेटली तर लाकूड घेतलं असं मी समजेन. नाही पेटली, तर तेही समजेन."

मी उतारावरून जवळजवळ पळतच आले. सियानोला एकेक शब्द सांगितला, दोनदा सांगितला. मारिविकनं त्याचा हात धरला. "बाबा, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढी हातभर जागा द्या."

"तू अजिबात काळजी करू नको," तो म्हणाला. "सगळी व्यवस्था करतो मी. बघच तू." आणि त्या रात्री ती जेवली.

रविवारी बघितली व्यवस्था. त्यानं परत माणसं लावली होती! शहरातले जेवणवाले, हातात पांढरे मोजे घातलेले, गझिबोत चकचकीत झाकणांची भांडी मांडून, खाली मेणाच्या ज्योती लावून उभे. गवताच्या कडेनं लाल दोरी. आणि बागेचं कौतुक ऐकायला आर्किटेक्ट जोजोही हजर, काळ्या चष्म्यासकट. सियानो नक्षीचा पांढरा सदरा घालून फाटकात. मी कुंपणाच्या माझ्या बाजूला तांदूळ निवडत बसले होते, माझे हातच थांबले.

दोन जीपनी, म्हणजे आमच्याकडच्या त्या लांबड्या प्रवासी गाड्या, भरून वरचं गाव उतरलं. बायकांच्या डोक्यावर कढया, चौघांनी पाय धरलेलं डुक्कर, मागे रेड्याची गाडी लाकडांसकट. इंगोकाका काठी टेकत फाटकाशी आले. "सियानो, चूल कुठे मांडू?"

"चूल कशाला, काका? सगळं तयार आहे. आज तुम्ही पाहुणे!"

"आम्ही पाहुणे नाही. मागायला आलोय. मागणाऱ्यानं रांधायचं असतं."

"अहो, या तर खरं आत. फक्त त्या दगडांवरून या, एकेक जण, हां. गवतावर पाय नको."

मागून कुणीतरी म्हणालं, "डुकरालापण एकेक पाय टाकायला सांगू का?" सगळे हसले. इंगोकाका हसले नाहीत. त्यांनी काठीनं धबधब्याकडे दाखवलं. "तुझ्या बापाच्या मयताला त्या कोपऱ्यात आम्ही कॉफी उकळली होती."

"हो, पण तिथे आता धबधबा आहे."

"दिसतोय."

मारिविक व्हरांड्यात उभी होती, पिवळ्या झग्यात, केसांत मोगरा. "बाबा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. सियानोनं तिच्याकडे बघितलं, गवताकडे बघितलं, आणि मग देवाशप्पथ सांगते, वळून जोजोकडे बघितलं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि हा विचारतोय कुणाला? जोजोनं घसा साफ केला. "सर, आग लावली तर वॉरंटी जाते."

"वॉरंटी जाते, काका," सियानो म्हणाला.

इंगोकाकांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि वळले. बायकांनी कढया परत डोक्यावर घेतल्या. आर्नेल फाटकाच्या खांबाला धरून तसाच उभा राहिला, आणि एका जीपनीचं इंजिन सुरू झालं. मग मात्र माझा संयम सुटला. मी कुंपणावरून ओरडले, "इंगोकाका! चूल इकडे मांडा! माझं अंगण झाडलेलं आहे!"

म्हातारा थांबला. "पिलार, रीत मुलीच्या अंगणाची आहे. हे मुलीचं अंगण आहे का?"

तेवढ्यात मारिविक व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली. दगड नाहीत, दोरी नाही, उंच टाचांचे बूट घालून सरळ गवतावरून चालत निघाली. प्रत्येक पावलाला टाच मऊ गवतात रुतायची, ती उपसून पुढचं पाऊल. सियानो "अगं, अगं" करत होता. ती जास्वंदीतून तशीच शिरली, झगा फाटला, आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "हो, आजोबा," ती म्हणाली. "मी इथेच वाढले."

इंगोकाकांनी टोपी काढली. अर्ध्या तासात माझ्या अंगणात तीन चुली पेटल्या. धूर, आरडाओरडा, लसणाचा वास, माझ्या कोंबड्या सैरावैरा. मी चुलीपाशी उभी राहून रडले, आणि धुरानं रडतेय असं मुळीच सांगितलं नाही कुणाला.

जेवणं झाली. म्हातारे माझ्या अंगणातल्या बाकावर जवळ सरकून बसले. आता मुलीच्या बापाची जागा रिकामी. आर्नेल स्वतः कुंपणापाशी गेला, हात जोडून म्हणाला, "काका, या ना. तुमच्यासाठी थांबलेत सगळे."

"आलो, आलो," सियानो म्हणाला. "हे एवढं आटपून आलोच. तोवर सुरू करा."

मी वाकून बघितलं. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारून माझा भाऊ गवतावर गुडघे टेकून बसला होता. शेजारी जोजो, वाळूचं घमेलं घेऊन. मारिविकच्या टाचांनी पडलेली भोकं दोघं मिळून बुजवत होते. एक भोक, चिमूटभर वाळू, अंगठ्यानं दाबायचं, पुढचं भोक. असा संताप आला मला, की हातातला डाव फेकून मारावासा वाटला.

इंगोकाकांनी बराच वेळ वाट बघितली. मग विचारलं, "मुलीतर्फे कोण बोलणार?"

"माझी आत्या," मारिविक म्हणाली.

मग मीच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत बोलले. तारीख ठरली, चर्च ठरलं, रेडा कुणाचा कापायचा तेही ठरलं.

पाहुणे गेले. मी राख भरत होते. कुंपणाशी सियानो येऊन उभा राहिला, गुडघ्यांवर हिरवे डाग. "काय म्हणाले गं ते?"

म्हटलं, चला, शेवटी विचारलं तरी! "डिसेंबरातला दुसरा—"

"ते नाही गं," तो हळूच म्हणाला. "बागेबद्दल. काही म्हणाले का?"

"काही नाही म्हणाले."

"कुणीच?"

"कुणीच नाही."

तो गुडघे झटकत आत गेला. मुलीच्या लग्नाची तारीख त्याला दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानावर कळली.